माझ्या रक्ताची रेघ

माझी धाकटी जाऊ बोटाला चिकटपट्टी लावून जशी मिरवते, तसं कुणी पाय मोडल्यावरही मिरवत नाही. चहाचा कप उचलताना ते एक बोट वेगळं धरायचं. दारावर शेजारीण आली की नेमक्या त्याच हाताने कडी काढायची, आणि "बोटाला काय झालं हो?" असं तिने विचारेपर्यंत दारातून हलायचं नाही. विचारलं की मान वाकडी, आवाज साखरेत घोळलेला: "काही नाही हो, आमच्या सूनबाईच्या संशोधनाला माझं रक्त लागतं ना."

आमच्या म्हणे! सून माझी. माझ्या पोटच्या पोराची बायको. आम्ही दोघी जावा नवऱ्यांच्या मागे एकाच घरात राहतो आणि सून तिला काकू म्हणते, एवढंच काय ते नातं. पण धाकटीची खोडच ती. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांना रोज पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी अडखळत वाचायची, पण ते ऐकायचे. हिने एके दिवशी माझ्या हातातून पेपर घेतला आणि घडाघडा वाचून दाखवला. ते काम गेलं ते गेलंच. तेव्हापासून माझ्या हातातली कुठलीही गोष्ट तिला जरा जास्तच चकाकताना दिसते.

आता सून काय करते ते सांगायला हवं. ती प्रयोगशाळेत काम करते. मला आधी वाटायचं, बाटल्यांतलं रंगीत पाणी इकडून तिकडे ओतत असेल. तसं नाही. तिचं सगळं जग नखाएवढ्या चिपवर आहे. त्या चिपवर सोन्याची दोन टोकं आणि मधे कार्बनच्या नळ्यांचं जाळं. नळ्या म्हणायच्या, पण डोळ्यांना दिसत नाहीत; केस घेतला आणि तो उभा चिरत चिरत गेलं तरी हात दमतील, एवढ्या बारीक. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे त्या वीज नेतात. त्या नळ्यांवर सून अँटिबॉडी नावाची एक गोष्ट चिकटवते. ही अँटिबॉडी मोठी मानी. रक्तात हजार प्रोटीनं हिंडत असतात, पण ही एकालाच ओळखते, त्यालाच जवळ करते. ते येऊन बसलं की नळीतली वीज बदलते आणि संगणकावर चाललेली रेघ हलते. सून ज्या प्रोटीनच्या मागे लागली आहे ते हृदयावर ताण पडला की रक्तात वाढतं. माणूस छाती धरून खाली बसायच्या आत, एका थेंबावरून कळावं, हा तिचा बेत.

"अजून खेळणंच आहे, आई," ती म्हणते. "दवाखान्यात न्यायला अवकाश आहे."

या खेळण्याची परीक्षा घ्यायला तिला आमच्या वयाच्या, हृदयाची काही तक्रार नसलेल्या बायकांचं रक्त हवं होतं. तिने आधी मलाच विचारलं होतं. हे मीच सांगून टाकते, नाहीतर धाकटी सांगेल. मी म्हटलं, "मी काय उंदीर आहे?" मला वाटलं, ती पुन्हा विचारेल, मी थोडे आढेवेढे घेईन आणि मग हात पुढे करीन. मोठ्या माणसाला थोडं विनवावं लागतं. पण शिकलेल्या पोरी नाही म्हटलं की नाहीच समजतात. आणि भाजी निवडता निवडता धाकटी म्हणाली, "माझं घे गं. माझं रक्त ते तुझंच."

झालं. दर आठवड्याला सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर छोटी नळी, टोचायची सुई, कापूस. सून तिचा हात हातात घेऊन बोट चोळायची, "दुखलं नाही ना काकू?" विचारायची. मी तिथेच भांडी घासत उभी. माझे हात गुडघे टेकून लादी पुसण्याने, तव्याच्या चटक्यांनी भरलेले, त्यांना या घरात कुणी कधी "दुखलं का" विचारलं नव्हतं. पुढे धाकटी स्वतःच टोचायला शिकली. मग तर काय, डॉक्टरीणबाईच झाल्या.

एकदा सुनेने आम्हा दोघींना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. पांढरे झगे घालून आम्ही दोघी काचेपाशी उभ्या राहिलो. धाकटीने झग्याची बटणं सगळी लावली, माझ्या पोटावर मधलं बटण लागेना. सुनेच्या मोठ्या बाई आल्या. या तिच्या साहेब, केस अगदी बारीक कापलेल्या, बोलताना चष्मा पुसत राहणाऱ्या. त्यांनी धाकटीला हात जोडून "तुमचे फार उपकार" म्हटलं. माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

सून समजावत होती. रक्त आधी यंत्रात गरगर फिरवायचं, वर पिवळं पाणी येतं ते घ्यायचं. त्यात मीठ फार असतं. मिठाच्या गलक्यात प्रोटीनचं म्हणणं नळीला ऐकू जात नाही, म्हणून ते पातळ करायचं. बाजूला आणखी एक चिप ठेवायची, तिच्यावर अँटिबॉडी नाही. ती गप्प राहिली आणि ही बोलली, तरच ते खरं धरायचं. तेवढ्यात एका मुलाने स्वच्छ पाण्यात मुद्दाम घातलेलं ते प्रोटीन चिपवर टाकलं. सरळ चाललेली रेघ धाडकन खाली आली. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी सून, जी घरी मोठ्याने हसत नाही, ती लहान मुलीसारखी उड्या मारत होती.

मग धाकटीच्या रक्ताचं पिवळं पाणी टाकलं. रेघ चालली आपली सरळ.

"छान, काकू," सून म्हणाली. "अगदी सपाट."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. हिच्यात काही असेल तर हलेल ना! सूनबाई आपली भिडेखातर छान म्हणते आहे. बसमध्ये मी धाकटीला दोनदा म्हटलं, "सपाट आली हो तुझी." ती म्हणाली, "सपाटच हवी असते, जाऊबाई." मी म्हटलं, "हो हो, तुला तसंच सांगणार."

त्या टाळ्या मात्र माझ्या डोक्यातून जाईनात. माझा थेंब त्या चिपवर पडावा, रेघ धाडकन खाली यावी, सुनेने उडी मारावी आणि मोठ्या बाईंनी चष्मा पुसायचं थांबवून माझ्याकडे बघावं, हे चित्र मी जेवताना बघत होते आणि झोपतानाही. त्या दिवसांत मला जिना चढताना दम लागायचा आणि संध्याकाळी पायात चपलेचे पट्टे रुतायचे. मी चपलांना शिव्या घातल्या, जिन्याला घातल्या. आणि खरं सांगते, धाकटीलाही घातल्या, कारण तिच्याकडे बघून छातीत जळजळायचं. मला वाटलं, हा जळफळाटच असेल.

पुढच्या खेपेची सकाळ. सून आंघोळीला गेलेली. टेबलावर धाकटीच्या नंबराची नळी, कापूस, कोरी सुई. बाईसाहेब आरशापुढे केस विंचरत होत्या. केसांत काही उरलं नाही, पण विंचरणं संपत नाही. मी सुई उचलली. कचकन बोटाला टोचली. काही दुखत नाही, उगाच नाटकं. नळी भरली, झाकण लावलं, सुनेच्या थंड डब्यात ठेवली, बोट दाबून धरलं. सून घाईघाईत आली, डबा उचलला, "काकू, घेतली हं!" म्हणून ओरडली आणि गेली.

धाकटी बाहेर आली. "अगंबाई, गेली?"

"गेली."

"आणि नळी?"

"घेऊन गेली."

तिने माझ्याकडे बघितलं. मी ओट्याकडे तोंड केलं.

संध्याकाळी सून नेहमीपेक्षा लवकर आली. उड्या मारत नव्हती. चेहरा पांढराफटक. चपला न काढता सरळ धाकटीपाशी गेली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"काकू, छातीत दुखतं का? दम लागतो? पाय सुजतात?"

"का गं?"

"तुमची रेघ हलली. बरीच हलली. मी तीन वेगवेगळ्या चिपांवर बघितलं. बाजूची चिप गप्प होती."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रेघ हलणं म्हणजे बक्षीस नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी बोट टोचून घेतलं होतं, ती माझ्या छातीत काहीतरी बिघडल्याची खूण होती.

मी धाकटीकडे बघत होते. आता म्हणेल, मी आज रक्तच दिलं नाही. तिचं तोंड उघडलंही होतं. पण सुनेने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि ती पोर रडायला लागली. "माझं लक्षच नव्हतं, काकू. मी नुसत्या नळ्या मोजत बसले." धाकटीचं तोंड मिटलं. तिने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "थोडं होतं कधीकधी, दम लागल्यासारखं."

बघा! मला दम लागतो, आणि सांगते ही!

मग जे सुरू झालं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. माझ्या मुलाने त्याच्या खोलीतली मऊ उशी आणून काकूच्या पाठीमागे लावली. त्याने माझ्यासाठी कधी उशी हलवली नव्हती. फळं आली, सोलून, फोडी करून, वाटीत. शेजारीण येऊन "तुम्ही फार धीराच्या" म्हणून गेली. धाकटी पाय वर घेऊन पडून होती आणि "जाऊबाई, जरा पंखा कमी करता का?" म्हणत होती. पंखा कमी करायला उठताना मला धाप लागली. ती धाप माझी. ती उशी माझी. त्या वाटीतली फोड न फोड माझी होती. पण बोलायचं कसं? बोलले तर चोरी कबूल, आणि वर ते छातीतलं काहीतरी खरं होणार. गप्प बसलं की ते तिच्या गळ्यात राहत होतं. माणूस भ्यालं की असले हिशेब करतं. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने तिला दवाखान्यात नेलं. त्यांनी त्यांच्या पद्धतीने रक्त तपासलं, छातीला तारा लावल्या, पडद्यावर हृदय बघितलं. काही नाही. ठणठणीत. धाकटी घरी आली ती जिना भरभर चढून.

आणि सून संध्याकाळी घरी आली ती जिना मोजत असल्यासारखी. जेवायला बसलो आम्ही चौघं. मुलगा म्हणाला, "मग आता काय?"

"काय म्हणजे? मोठ्या बाई म्हणाल्या, निरोगी बाईला आजारी ठरवणारी चिप कशाला हवी. त्यांना आधीपासूनच वाटतं की या नळ्या मनाला येईल तशा वागतात. आज वीज एवढी, उद्या तेवढी. या चिपांची सगळी खेप टाकून द्यायची, आणि मला दुसऱ्या कामावर घालणार आहेत. नळ्यांचं काम बंद."

"बंद म्हणजे कायमचं?"

"कायमचं." तिने ताटातला घास उगाच इकडून तिकडे सारला. "पण बाजूची चिप गप्प होती रे. मला एवढंच कळत नाही. नुसत्या नळ्या बिघडल्या असत्या तर ती पण हलली असती ना."

"जाऊ दे गं," धाकटी म्हणाली. तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला. गोड, सगळं गोड. "यंत्रच ते. खोटंच असतं काहीतरी. तुमच्या बाई म्हणतात ते बरोबर असेल, ती रेघ म्हणजे नुसता कचरा."

कचरा!

मी आजवर पुष्कळ ऐकून घेतलं आहे. माझ्या वाचण्यावरून, माझ्या पोटावरून, माझ्या तोंडावरून. पण माझ्या अंगातून निघालेल्या रक्ताला माझ्याच टेबलावर बसून कचरा म्हणणारी ही कोण? भीती कुठल्या कुठे गेली. मी ताट पुढे ढकललं.

"ती रेघ माझी आहे."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"तुझं यंत्र खरं आहे," मी सुनेला म्हटलं. "नळीवर नंबर हिचा, रक्त माझं. ही केस विंचरत होती, मी टोचून घेतलं. रेघ मी हलवली. मलाच दम लागतो, माझेच पाय सुजतात. आता काय करायचं ते कर."

मला वाटलं, ती माझ्या गळ्यात पडेल. छे! माझी सून, जिने लग्न झाल्यापासून मला कधी उलटून उत्तर दिलं नाही, ती उभी राहिली आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली.

"तुम्हाला कळतं का तुम्ही काय केलंत? एकाच्या नंबरात दुसऱ्याचं रक्त! माझं सगळं काम त्या नंबरावर उभं आहे! आणि कालपासून तुम्ही गप्प? कालपासून, आई? यात तुम्हाला काही झालं असतं तर मी काय करणार होते?"

"मला वाटलं, तुम्ही टाळ्या वाजवाल."

ती थांबली. "काय?"

"त्या दिवशी रेघ हलली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. हिची हलली नाही. मला वाटलं, माझी हलली तर..." मुलाने डोक्याला हात लावला. सून माझ्याकडे बघत राहिली, मग टेबलाखाली वाकली आणि माझ्या पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"चला," ती म्हणाली. "आत्ता."

दवाखान्यात जे निघायचं ते निघालं. हृदयाचा पंप ढिला पडतो आहे, बरेच दिवस पडत असणार, पण वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाला. तोच प्रोटीनचा आकडा, जो सुनेची चिप सांगत होती, त्यांच्या मोठ्या यंत्रानेही वर दाखवला. औषधं सुरू झाली, मीठ गेलं. सुनेने प्रयोगशाळेत सगळं खरं सांगितलं. चोरलेला तो थेंब त्यांच्या कामात धरता येणार नाही, म्हणाली, नियम म्हणजे नियम. मोठ्या बाईंनी नियमाने माझी सही घेतली, रीतसर रक्त घेतलं, आणि चिप चालवणाऱ्या मुलाला कुणाची नळी कुठली ते न सांगता धाकटीचं आणि माझं शेजारी शेजारी चालवायला लावलं. मी काचेपाशी खुर्चीवर बसून होते. एक रेघ सरळ गेली. दुसरी धाडकन खाली आली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सुनेने माझा खांदा जोरात दाबला आणि डोळे पुसले. मोठ्या बाई चष्मा हातात तसाच धरून पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "काम चालू ठेवा."

घरी आले. मऊ उशी माझ्या पाठीमागे आली. सून औषधं लावून ठेवत होती. धाकटी दारात उभी राहिली, हात चोळत.

"नशीबवान आहात हो, जाऊबाई," ती म्हणाली. "सगळं घर तुमच्यामागे."

"आत ये," मी म्हटलं. "बस."

ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"तुला ठाऊक होतं ना, त्या दिवशी तू रक्त दिलं नव्हतंस?"

तिने सुनेकडे बघितलं, मग खाली. "मला वाटलं, दोन दिवस जरा... कुणी कधी माझी उशी लावत नाही, जाऊबाई. तुम्हाला मुलगा आहे, सून आहे. मी म्हटलं, दोन दिवस, मग सांगेन."

सून गोळ्यांचं पाकीट हातात धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता हिला पुन्हा धाकटीचीच दया येणार. म्हणून मी वेळ घालवला नाही.

"ऐक," मी म्हटलं. "मी चोरून थेंब घातला. त्याबद्दल सुनेने मला सोलून काढलं, आणि ते मी ऐकून घेतलं. तुझं त्याहून मोठं आहे. ते दुखणं तुझं नाही हे माहीत असून तू त्याच्यावर पाय पसरून झोपलीस, फळं खाल्लीस, मला पंखा कमी करायला उठवलंस. तेही मी सोडून दिलं असतं. पण ही पोर ताटावर रडकुंडीला आली होती, एका शब्दात तिचं काम वाचत होतं, आणि तू तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्या कामाला कचरा म्हणालीस. तू वाईट नाहीस, धाकटे, पण तू खोटी आहेस, आणि गोड बोलून खोटी आहेस, म्हणून तुझं कुणाला कळत नाही. मला कळतं. लाड हवेत ना तुला? या घरात मिळतील, मी नाही म्हणत नाही. पण त्यासाठी स्वतःचं दुखणं आण. माझं मी कुणाला देणार नाही."